शीतपेटीतली बाई

(दुपारची वेळ. चष्म्याचं एक छोटं दुकान, गिऱ्हाईक कुणी नाही. काउंटरच्या आत बहीण. बाहेर स्टुलावर, नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून, तिचा थोरला भाऊ.)

बहीण : मान हलवू नकोस. काडी कानावर बसत नाहीये. हां, आता बोल. मालिका पुन्हा सुरू होतेय, कॅप्टन परत येतोय, इथपर्यंत आला होतास.

भाऊ : तोच नट. केस पिकलेत, गुडघे बदललेत. पण चॅनेलवाले म्हणाले, तोच पाहिजे. थकलेला कॅप्टन आणि तेच जुनं यान. इतक्या वर्षांनी येणार म्हटल्यावर लोक अक्षरशः वेडे झालेत, चिमे.

बहीण : आणि यंत्रमानव?

भाऊ : तोही. नवा रंग मारलाय.

बहीण : म्हणजे पत्र्याच्या डब्यालासुद्धा बोलावणं गेलं. माझ्याकडे काय काढलंस? की नुसता चष्माच करायचाय?

भाऊ : तुझी वैमानिक पहिल्याच भागात जागी होतेय.

बहीण : खोटं.

भाऊ : शप्पथ. कॅप्टन शीतपेटीचं झाकण उघडतो, तिथूनच सुरुवात.

बहीण : अरे दादा! मग मघापासून हवापाण्याच्या गप्पा काय मारतोस! थांब, हातातला स्क्रू पडला बघ खाली. मालकांना रजेचं सांगायला हवं. वजनाचं बघते मी, आजपासून भात बंद. रोज इथं कुणीतरी चष्मा चढवतं आणि म्हणतं, बाई, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. मी म्हणते, नंबर चुकला असेल तुमचा. आता सांगेन, हो, मीच ती.

भाऊ : चिमे, ऐक. पेटीत माणसाचं वय वाढत नाही.

बहीण : म्हणजे?

भाऊ : झोपली तेव्हा ती तिशीच्या आतली होती. उठेल तेव्हाही तेवढीच.

बहीण : कोण म्हणतं असं?

भाऊ : मालिकेतच आहे. डॉक्टर सांगतो ना, पेटीत नखसुद्धा वाढत नाही.

बहीण : डॉक्टरच्या तोंडी ते तूच घातलंस.

भाऊ : तुझ्यासाठी! तुला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. निर्माते तुला उल्केखाली मारून मोकळे होणार होते. मी हातापाया पडलो, म्हटलं, मारू नका, झोपवू या, बाळंत होऊन येईल परत. जागा राखली मी तुझी.

बहीण : राखलीस. बसू मात्र दिलं नाहीस. बाळंतपण झालं, पोरगी रांगायला लागली, शाळेत गेली. आणि तुम्ही दर आठवड्याला शेवटी माझा काचेआडचा चेहरा दाखवत होतात. तोच जुना तुकडा. ती जागी होईल का? लोक मला बसच्या रांगेत विचारायचे, बाई, कधी उठणार? आणि मी तुला विचारलं की तू म्हणायचास, पुढच्या महिन्यात नक्की.

भाऊ : तुला उठवलं असतं तर लोकांना बघायला काय उरलं असतं? सगळी मालिका त्या एका प्रश्नावर चालली होती.

बहीण : बरं, ते सोड. आता एक वाक्य घाल. पेटी बिघडली होती. बस. गॅस गळला, वायर जळली, काय ते तू बघ. ती उठते तर केस पांढरे. कॅप्टन तिच्याकडे बघतो, ती त्याच्याकडे. दोघंही म्हातारे. अरे, काय सुंदर होईल ते!

भाऊ : प्रेक्षक सोलून काढतील मला. त्यांना सगळं तोंडपाठ आहे.

बहीण : यंत्रमानवाचा स्फोटात भुगा झाला होता. पुढच्या आठवड्यात हजर! तेव्हा सोललं कुणी?

भाऊ : यंत्रमानवाचं वेगळं.

बहीण : हो ना. त्याला पोट येत नाही.

भाऊ : मी सुचवलं होतं त्यांना. तुझं नाव घेतलं होतं.

बहीण : मग?

भाऊ : हसले.

बहीण : आणि तू?

भाऊ : मला दुसरं काय आहे गं? या मालिकेनंतर कुणी दारात उभं केलं नाही मला. हीसुद्धा हातची गेली तर मी लेखक होतो हे कुणाला आठवणार?

बहीण : कोण करणार मग माझं काम?

भाऊ : येईलच आता. मीच बोलावलंय तिला.

बहीण : इथं? माझ्या दुकानात? लाज कशी वाटली नाही तुला?

भाची : आई.

बहीण : अगं, तू या वेळी? ऑफिस नाही का? मामा आलाय बघ, आणि काय एकेक ऐकवतोय... केस कुणी कापले तुझे?

भाची : आई, मी सांगणारच होते.

बहीण : हे माझे केस आहेत. यानातले.

भाची : चाचणीसाठी कापले. मामा म्हणाला, आधी तो बोलेल तुझ्याशी.

भाऊ : बोलतच होतो. तेवढ्यात तू आलीस.

भाची : मी कुणी मोठी नटी नाही, मला कळतं. पण त्या काचेआड झोपले आणि सगळा स्टुडिओ बघायला गोळा झाला. सगळ्यांना तूच दिसलीस, आई. तू नको म्हण, मी आत्ता सोडते.

बहीण : ते माझ्या गळ्यात घालू नकोस. मी नको म्हणायचं आणि तू जन्मभर मनात ठेवायचं, आईमुळे माझं काम गेलं.

भाची : तू ठेवलंस तसं?

बहीण : मी तुला कधी एका शब्दानं बोलले?

भाची : नाही बोललीस. दिसायचं मात्र.

भाऊ : हे बघा, भांडू नका. यात भलं सगळ्यांचंच आहे. घरातलं काम घरातच राहिलं.

बहीण : तू गप रे. उठल्यावर ती काय बोलते?

भाची : "किती वेळ झोपले मी?" कॅप्टन म्हणतो, "फार नाही."

बहीण : फार नाही?

भाऊ : जपतोय तो तिला.

बहीण : जपणं तुम्हा लोकांना फार छान जमतं. आणि सीझनच्या शेवटी? तिचं काय होतं?

भाऊ : ते अजून लिहायचंय.

बहीण : चष्मा काढ. माझ्याकडे बघ आणि सांग.

भाऊ : पुढचा सीझन बघायला लोकांना काहीतरी लागतंच ना, चिमे.

भाची : म्हणजे मला परत पेटीत?

भाऊ : थोडेच दिवस.

बहीण : ऐकलंस? आता तुझं तू ठरव. मी अडवणार नाही. फक्त एक सांगून ठेवते. त्या पेटीची कडी बाहेरून होती. एकदा झाकण लावलं आणि सगळे जेवायला निघून गेले. मी आतच.

भाची : मग ओरडली नाहीस?

बहीण : घामानं रंग ओघळला असता. पुन्हा मेकअप, पुन्हा सगळ्यांचा खोळंबा. तू पोटात लाथा मारत होतीस आणि मी आपली शहाण्यासारखी पडून राहिले.

भाची : आई...

बहीण : तू ओरड.