पाचवा माणूस बोलत होता

विमान एक, आग एक, पडले पाचही जण एकाच खड्ड्यात, मग पदकं चारच कशी? सांगा ना! नऊ वर्षं विचारतोय, एक माईचा लाल उत्तर देत नाही... आणि माझ्या पोटात दुखत नाही हं, तुम्हाला सांगतो, मी आपला विचारतोय!

दादा माझा, वायरलेसवर होता. युद्धातली त्यांची शेवटची फेरी, पंख पेटलेला, खाली वस्ती. विमान वस्तीपलीकडे न्यायचं म्हणून एकानेही उडी मारली नाही. चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत दादा बोलत होता आणि तळावर कोणीतरी लिहून घेत होतं. काय बोलत होता? 'साहेबांचे हात भाजलेत, पण दांडा सोडलेला नाही.' 'मागचा बंदूकवाला आग विझवतोय, बस म्हटलं तरी ऐकत नाही.' वैमानिक साहेबांपासून एकेकाचं कौतुक! अरे शहाण्या, आईला काहीतरी सांग! मला एखादी शिवी तरी घाल! नाही. चार मिनिटं दुसऱ्यांचे गोडवे गायला आणि गेला.

त्या नोंदीवरून चौघांना पदकं. आणि दादाला? पदकांच्या कचेरीतल्या खिडकीतला कारकून चष्मा पुसत म्हणतो, "तुमच्या भावाबद्दल नोंदीत काहीच नाही हो. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हवा." अहो, बघणारा तोच होता! "स्वतःची साक्ष स्वतःला चालत नाही. आणि तशी त्यांनी दिलेलीही नाही." घ्या! मी सातवीत शाळा सोडलेला, टायरच्या दुकानात कामाला; या खिडकीपायी दर सोमवारी सुटी मागतो तर मालक म्हणतो, "तुझा भाऊ एकदाच पडला रे, तू दर सोमवारी पडतोस!"

आणि त्या वैमानिकाचा धाकटा भाऊ! माझ्याच वयाचा. विमानतळावर नोकरी, शाळेत भावाचा फोटो, फोटोवर दिवा. दर वर्षी सभा होते तेव्हा त्याला पुढची खुर्ची. माझी आई मागच्या रांगेत, मांडीवर नुसते हात ठेवून. मला लोक विचारतात, "तुझा भाऊपण होता का त्यात?" पण! भाऊ'पण'! त्याचे बूट बघा कसे चकचकतात... पोटात दुखत नाही हं माझ्या, बूट आहेत, दिसतात!

तर परवा कारकून म्हणाला, "एक मार्ग आहे. प्रकरण नव्याने उघडू. पण मग ती नोंदच तपासणीला जाईल. मेलेल्या माणसाचं बोलणं साक्ष धरायचं की नाही, हे ठरेपर्यंत चारही पदकं इथे जमा." किती दिवस? "तुमची फाइल किती वर्षं चालली? तेवढी धरा."

मनात उकळ्या फुटल्या, तुम्हाला सांगतो! उघडा म्हटलं, लगेच अर्ज दिला. पदक जमा करायचं पत्र जायच्या आधी आपणच सांगू, त्याचं तोंड बघू, म्हणून तडक त्या धाकट्याच्या घरी. त्याने ऐकून घेतलं. भांडेल म्हटलं होतं, तर हळूच म्हणतो, "ने पदक. तुझाही भाऊच होता. आईला मात्र तूच सांग."

त्याची आई आत. हल्ली काही आठवत नाही तिला. दुपारचं जेवण झालं की नाही तेही नाही. घरातल्या स्वेटरवर पदक टाचलेलं. माझा हात धरला आणि म्हणाली, "बस, ऐक." आणि घडाघडा सुरू झाली: 'साहेबांचे हात भाजलेत, पण दांडा सोडलेला नाही...' एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिंतीवर तेच, काचेच्या चौकटीत. आमच्या घरी दादाचं एक वाक्य नाही हो! अर्धं नाही! आणि इथे परक्याच्या भिंतीवर, परक्या आईच्या तोंडात...

म्हटलं, "हे कोण बोललं, आजी?"

"वायरलेसवाला पोरगा. खोटं नाही बोलायचा तो."

तिथे दुखलं. कबूल! पोटात, छातीत, सगळीकडे दुखलं. ती पदकावरून बोट फिरवत होती. मी न सांगता उठलो. धाकटा दारापर्यंत आला.

सोमवारी पुन्हा खिडकी. "अर्ज मागे घ्यायचाय." कारकून माझ्याकडे बघतच राहिला. "नऊ वर्षं डोकं खाल्लंत आणि आता मागे?" फॉर्म सरकवला. 'मागे घेण्याचं कारण', पुढे दोन ओळी. "वैयक्तिक लिहा," म्हणाला, "सगळे तेच लिहितात." मी जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहिलं: 'साक्षीदार खरा होता. चौघांची पदकं चौघांकडेच राहू द्या.'

"हे सांगणारे तुम्ही कोण?"

"साक्षीदाराचा धाकटा भाऊ."

"नातेवाइकाची साक्ष चालत नाही!"

"माहीत आहे, साहेब," म्हटलं, "आमच्या घरातल्या माणसांची आमच्यासाठी चालतच नाही. दुसऱ्यांसाठी चालते का तेवढं बघा!" आणि खाली सही ठोकली.