निशिकांतनं कापलेला सामुराई

...नाही, कापलाच कसा, म्हणतो मी! विचारायचं तरी! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं पुण्यात वार्ताहर होतो, डेस्कवरच्यांनी माझ्या बातम्यांचे शेवट उडवले, सहन केलं. रिटायर होऊन लेकीकडे सिंगापूरला आलो, म्हटलं सुटलो... तर इथे निशिकांत! आणि हा माझा मित्र, बरं का!

सामुराईंचा जुना जपानी सिनेमा हो, काळापांढरा, एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवरचा. कादंबरी मी दोनदा वाचलेली. इथल्या मराठी मंडळाच्या किती मागे लागलो होतो, दाखवा, दाखवा! यंदा एकदाचे हो म्हणाले, बुकित बातोकला निशिकांतच्या कॉन्डोतला, म्हणजे त्याच्या सोसायटीतला, हॉल मिळाला, आणि मी घरोघर फोन केले, की बाकी विसरा, पण शेवट बघा! दोन जिवलग मित्र, दोघांचे मालक वैरी, पुलावर समोरासमोर उभे. तलवारीवर हात. आणि कुणी हलत नाही! वारा, पाणी, त्यांचे डोळे... बघणाऱ्याचा श्वास अडकतो हो! माझ्या शब्दावर माणसं पार तोआ पायोहहून आली, रविवारची दुपारची झोप मोडून!

आणि पडद्यावर काय? एक मित्र पुलावर आला, दुसरा आला, खच्च! आडवा! संपलं! पुढच्या रांगेत मंडळाच्या नीलिमाताई वडा तोंडाशी नेत होत्या, म्हणाल्या, "अगंबाई, मेला पण?" आणि हॉल हसला! माझ्या पुलावर हसला!

धावलो लॅपटॉपकडे, सिनेमा लावायला हाच बसला होता. "निशिकांत, शांतता कुठाय?"

"काढली," म्हणतो! "हॉल सहापर्यंतच होता ना. काल घरी बसून नुसत्या उभं राहायच्या जागा काढल्या. गोष्टीला धक्का नाही लावला हं!"

जुरोंग आयलंडवर जन्मभर केमिकलचा प्लांट चालवला ना यानं, काही थांबलेलं दिसलं की हात बटणावर! अरे, ते थांबणं हाच सिनेमा होता! मित्राला मारायच्या आधी माणूस जो उभा राहतो, ते... तर हा म्हणतो, "पण लोकांना आवडला की!" आणि हा माझा मित्र, बरं का!

खरंच आवडला हो, तेच तर दुखतंय! "मस्त, एकदम फास्ट होता!" असं मला, मला येऊन सांगत होते!

मग मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, आपली मैत्री संपली! सुलेखा, आमची ही, म्हणाली, "अहो, हळू बोला." नाही बोललो हळू!

निशिकांत वायर गुंडाळत म्हणतो, "बरं. उद्या चहाला येऊन भांड."

गेलो! जाणार कुठे? माझ्याशी मराठीत कडाकडा भांडणारा या बेटावर दुसरा आहे कोण? गेलो आणि असा झोडपला त्याला, कादंबरी, दिग्दर्शक, विश्वासघात, सगळं काढलं... आणि तो गप्प! मान खाली! मला वाटलं, लागलं वाटतं याला, जास्तच बोललो की काय... तर कप खाली ठेवून म्हणतो,

"छान बोललास. पण हे सगळं पाच मिनिटांत बसलं असतं रे."

आणि हा माझा मित्र, बरं का!... म्हटलं, टाक अजून एक चहा.