सखूमावशीची पाणंद

डोहगावकरहो, आणि भिंतीपलीकडून आलेल्या सोसायटीतल्या मंडळींनो,

परवा आपण सखूमावशीला टेम्पोतून नेलं. स्मशानभूमी आपल्या नदीकाठी, हाकेच्या अंतरावर. तरी आपलं माणूस आपण टेम्पोत घातलं आणि हमरस्त्यानं, पुलाखालून फिरवून नेलं. कारण नदीकडं जाणाऱ्या पाणंदीला फाटक आहे आणि फाटकाला कुलूप आहे. तिरडीला खांदा द्यायचं सुखही आपल्याला मिळालं नाही. हे तुम्हाला डाचतंय. मलाही डाचतंय. तेवढ्यासाठीच उभा राहिलोय.

मी गावोगाव भाषणं करणारा माणूस. मावशी मला सभापती म्हणायची. बांधावर गाठ पडली की म्हणायची, "सभापती, भाषण मागनं कर, आधी ती शेळी धर." मी शेळी धरायचो. आज त्या शेळ्या दावणीला ओरडताहेत आणि मला कुणी धर म्हणत नाही.

कशी गेली मावशी? शेळ्या घेऊन नदीवर निघाली होती. पाणंद बंद, म्हणून हमरस्त्यानं. शेंद्र्याकडं जाणाऱ्या ट्रकनं तिला उडवलं. कागदावर अपघात लिहिलाय. मी विचारतो, या वयात ती हमरस्त्यावर का होती?

बाबांनो, हे गाव नदीनं वसवलं. सुखना इथं दुमडलेल्या हातासारखी वळते. त्या वळणात डोह होता, म्हणून आपण डोहगावकर. निजामाच्या अमलात उन्हाळ्यात या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागायच्या. आपल्या आज्या डोक्यावर पाट्या घेऊन शहराच्या दरवाज्यांपर्यंत चालत जायच्या. पुढं शहरच आपल्याकडं चालत आलं. कारखाने आले, चिंचा गेल्या, प्लॉट पडले. पाडलेल्या घरांच्या विटा डोहात येऊन पडल्या. प्लॉटच्या नकाशात आपली नदी नाला झाली.

आणि आपण? दुष्काळाच्या वर्षांत टँकर पाणंदीच्या तोंडाशी उभा राहायला लागला. आपण तिथंच घागरी भरल्या, तिथूनच माघारी फिरलो. कोरड्या नदीवर कशाला जायचं? सोसायटीनं पाणंदीला फाटक बसवलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. एकटी मावशी भांडायला गेली. रखवालदार म्हणाला, "आजी, नदीत पाणी तरी हाय का?"

मावशी म्हणाली, "तुझा बाप वारला नव्हं? मग आता तो तुझा बाप नाय का?"

त्यानं गुपचूप फाटक उघडलं. पुढं कितीतरी दिवस तिच्या शेळ्यांची घुंगरं ऐकू आली की तो आधीच उठून उभा राहायचा.

आपल्याकडं एक रीत होती. नव्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. नदी आटली की वाळूत खड्डा खणायचा, पाणी पाझरून वर येतं. तो झिरा. आणि झिरा खणणाऱ्यानं पहिली घागर आपल्या घरी न्यायची नाही. ती शेजाऱ्याच्या दारात ठेवायची. आपण रीत विसरलो, कारण झिरा खणायचंच विसरलो. मावशी विसरली नाही.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीची बोअर आटली. टँकरचाही पत्ता नव्हता. मावशीनं झिरा खणला, घागर भरली आणि भिंतीपलीकडं नेली. मी चिडलो. म्हणालो, "मावशी, ज्यांनी वाट अडवली त्यांना पाणी?"

ती म्हणाली, "मग शेजारी कोण हाय आपला? दुसरा कुठून आणू, फुलंब्रीहून?"

त्या घागरीचं पाणी प्यायलेल्या कुलकर्णीबाई आज मागच्या रांगेत बसल्यात. बाई, तुम्ही घागर परत करायला आलात, तेव्हा मावशी काय म्हणाली ते तुम्हीच मला सांगितलंत. "ऱ्हाऊ द्या, पुन्यांदा लागंल."

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास चोऱ्या झाल्या आणि तुमच्या सोसायटीनं फाटकाला कुलूप लावलं. भीती खरी असेल. मी चोरांची बाजू घेत नाही. पण त्या कुलपानं चोर थांबले का? थांबली ती मावशी. तिची घागर तुमच्या घरात राहिली आणि तिची वाट बंद झाली.

मी भांडायला आलो होतो. खूप तिखट बोलायचं ठरवून आलो होतो. पण मावशीच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना मी शिव्या कशा देऊ? तिनं मला शेळीसारखं कानाला धरून बाहेर काढलं असतं.

समोर तिचा दत्ता बसलाय. दहाव्याला त्याला नदीवर जायचंय. तो हमरस्त्यानं जाणार नाही. त्याची आई ज्या रस्त्यावर पडली, त्या रस्त्यानं त्यानं तिचा पिंड घेऊन जायचं? मी जाऊ देणार नाही. तुम्ही देणार आहात?

आता सगळे उठा. जरा वेळ गप्प उभे राहू. त्या शेळ्या ओरडताहेत तेवढं ऐकू.

मावशी, तुला या सभापतीचा दंडवत.

आता एकच मागणं. कुलकर्णीबाई, दहाव्याच्या सकाळी ती घागर आणि सोसायटीकडून किल्ली घेऊन फाटकाशी या आणि कुलूप काढा. डोहगावकरहो, गाड्या घरी ठेवा, अनवाणी या. दत्ताच्या मागं पाणंदीनं नदीपर्यंत चाला.