आभाळ्याचं घोंगडं आणि सिनेमातली मखमल

मंडळी, कामधंदा टाकून तुम्ही सगळे येसबासाठी आलात, बरं वाटलं. मला दोन शब्द बोला म्हणालेत. दोन शब्दांत माझं आजवर कधी भागलेलं नाही, पेठेत कुणालाही विचारा. आणि आज तर पहिला शब्दच निघेना. येसबा असता तर म्हणाला असता, "काकू, तुमी आन गप्प? आज सूर्य कुटनं उगवला?" त्याचं ते बोलणं कानात आहे आणि तो नाही. मग बोलायचं कसं, तुम्हीच सांगा.

मी शुक्रवार पेठेतली. देवळातल्या पुजाऱ्यांच्या घरची. नातवंडं खांद्याला लागली तरी सगळे मला काकूच म्हणतात. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. तेव्हा माझं बोलणं वेडंवाकडं झालं तर पोटात घाला.

या थेटरात आले, समोर हार घातलेली पाटी दिसली, मी चटकन हात जोडले. मग वर बघितलं. तर हा कोण? भरदार मिशा, छाती पुढं, पाठीवर मखमल. मंडळी, येसबाला मिशी कधी धड फुटलीच नाही! हा तर सिनेमातला आभाळ्या. सिनेमाची पाटी रंगवलेली, तिलाच हार घातलाय. शोकसभा येसबाची, हार दुसऱ्याला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शोकसभेत हसू नये म्हणतात. पण येसबाच्या नुसत्या आठवणीनं हसू येतं, त्याला मी काय करू? परगावच्या मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. येसबा चित्रं दाखवून कथा सांगायचा. एवढाले कागद, पाठीला पाठ लावून चिकटवलेले, पुढंही चित्र, मागंही चित्र. तांबड्या फडक्यात सगळं गठुडं बांधलेलं. देवळाच्या ओवरीत बसायचा, शेजारी समई, एकेक चित्र गुडघ्यावर उभं करायचा आणि सांगायचा. मागं त्याची लेक गोदा टाळ धरून. मंद्रूपच्या बाजाराला जायचा, मोडनिंबपर्यंत जायचा. पण राहायला आमच्या पेठेत, आमच्या मागल्या दारी.

देवादिकांच्या कथा सगळेच सांगतात. येसबाची घरची कथा आभाळ्याची. त्याच्या बापानं रचलेली, यानं वाढवलेली. आभाळ्या म्हणजे एक धनगराचा पोर. कुणाची अब्रू जायची वेळ आली, की कुठंही असो, त्याला ऐकू यायचं. मग तो उडायचा. पण उतरायचा कसा? धडपडत! कधी बाभळीत, कधी शेणाच्या ढिगात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, आमटीच्या पातेल्यात. आमची पोरं लोळायची हसून. मीही लोळायची, खोटं कशाला बोलू.

मग ही सिनेमाची मंडळी आली. मॅनेजरसाहेब, मान खाली घालू नका, मी वाईट काही सांगत नाही. तुमचा चहा प्यायलेय मी आत्ताच. तर त्यांच्याबरोबर एक गोष्ट लिहिणारे गृहस्थ आले. पायात बूट, अंगाला वास फुलांच्या तेलाचा. येसबाच्या ओट्यावर बसले, विचारत गेले, लिहीत गेले. मी ताक नेऊन दिलं त्यांना. पुढं ऐकलं, आभाळ्याचा सिनेमा निघाला. सगळी पेठ लोटली बघायला. मीही गेले. सून म्हणाली, सासूबाई, या वयात? म्हटलं, याच वयात. मरायच्या आधी माणूस उडताना बघायचाय मला.

आणि उडाला हो! खरंच उडाला. घरांवरून, झाडांवरून, पेटीवाला इकडं सूर धरतोय आणि हा तिकडं आभाळात. शेजारी कोण बसलीय न बघता मी तिचा हात धरला. मला तर शंकाच आली, म्हणून खेळ सुटल्यावर पडद्यामागं जाऊन बघून आले. भिंत आणि एक झाडू. तरी माझा विश्वास नाही. काहीतरी आहे तिथं. मधेमधे पडद्यावर अक्षरं यायची. मी काना-मात्रा लावेपर्यंत अक्षरं पळायची, पण एक मास्तर मोठ्यानं वाचत होते म्हणून निभावलं. आणि ती राजकन्या! साडी झकास, डोळे झकास, हनुवटीवर कालची दाढी. हा बाप्या आहे म्हणून मी पहिल्या झटक्यात ओळखलं.

मजा आली. नाही कशी म्हणू? पण मंडळी, तो आभाळ्या नव्हता.

तो दोन पायांवर उतरायचा. दर वेळी. कंबरेवर हात ठेवून, जणू आभाळ त्याच्या मामाचं. अहो, न धडपडणारा आभाळ्या कुठं असतो का? आणि तो राक्षस. येसबाच्या चित्रात राक्षसाला तोंडच नसायचं, कोरा गोल. मी विचारलं होतं त्याला, येसबा, तोंड काढायचं राहिलं का रे? तर म्हणाला, राहिलं न्हाय काकू, ठेवलंय. ज्या गावात कथा, त्या गावाला आपला राक्षस म्हाईत असतो, ते आपलं आपण तोंड बसवून घेत्यात. आणि खरंच, कोरा गोल दिसला की बाया एकमेकींकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. सिनेमात काय? शिंगं लावलेला एक लठ्ठ माणूस. त्याला कोण भिणार? त्याला बघून कुणाला काही आठवणार आहे का?

आणि मखमल. ही बघा, पाटीवर आहेच. जरीचा काठ, पाठीवर फडफडतेय. सिनेमात आभाळ्या ती पांघरतो आणि तिच्या जोरावर उडतो. राक्षस मखमल चोरतो, आभाळ्या धपकन खाली. सगळं थेटर हळहळलं. मी येसबाकडं बघितलं. तो माझ्या पुढंच जमिनीवर बसला होता.

आत्ता मॅनेजरसाहेब म्हणाले, सिनेमा बघून येसबाच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहिले. साहेब, तुम्ही दाराशी होता. मी त्याच्या पाठीशी बसले होते. पाणी होतं डोळ्यांत, ते खरं. पण तो मागं वळून मला काय म्हणाला, ते तुम्ही ऐकलं नाहीत. तो म्हणाला, "काकू, त्याला येवढी थंडी वाजती व्हय?"

मला कळेना. बाहेर आल्यावर पायरीवर बसला आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, चूक माजीच. त्या लिवणाऱ्या सायबानं इचारलं, आभाळ्या काय घालतो? मी म्हनलं, घोंगडं घालतो. त्यानी लिवून घेतलं.

आता कळलं का मंडळी? साहेबांनी ऐकलं, घोंगडं घालतो, म्हणजे सदरा घालतो, टोपी घालतो तसं. स्वतः घालतो. मग त्यांना वाटलं, घोंगडं काय बरं दिसणार, मखमल करू. आणि येसबानं काय सांगितलं होतं? घोंगडं घालतो. दुसऱ्यावर घालतो! अहो, आपण पोरावर पांघरूण घालतो की नाही रात्री? तसं. तुम्ही आम्ही सगळ्यांनी बघितलेलं चित्र आहे ते. घरातून हाकलून दिलेली एक बाई, अंगावर धड वस्त्र नाही, गाव चावडीवर जमलेलं. आभाळ्या उतरतो, पडतो अर्थातच, मग उठतो आणि आपलं घोंगडं तिच्यावर घालतो. कोण, कुणाची, काय केलंस, काही विचारत नाही. गावाकडं पाठ करून उभा राहतो. आणि पुढच्या चित्रात उघडाच, कुडकुडत घरी. आई ओरडते, आणि दुसरं विणायला बसते. म्हणून त्या कथेत सगळीकडं घोंगडी दिसतात. कुणाच्या दारात, कुणाच्या गाडीत. घोंगडं दिसलं की ओळखायचं, इथं आभाळ्या येऊन गेला.

एक शब्द, घालतो. तेवढ्यावर देणारा होता तो मिरवणारा झाला.

मी येसबाला म्हटलं, जा की, सांग त्यांना. गेला होता तो. मॅनेजरसाहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, पडद्यावर लोकांना मखमलच आवडते. येसबा परत आला आणि म्हणाला, जाऊ द्या काकू, त्येंचा आभाळ्या त्येंच्यापाशी, माजा माज्यापाशी. राग नव्हता हो त्याला. एवढंच म्हणाला, माजं गठुडं हाय तवर काय भ्या न्हाय.

आणि आज इथं काय ऐकते मी? मॅनेजरसाहेब आत्ता बोलून गेले, तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. म्हणाले, येसबाला मुलगा नाही, त्यांची कला त्यांच्याबरोबर संपली, म्हणून ती चित्रं या थेटराच्या दारात काचेच्या कपाटात लावू, म्हणजे येसबा अमर होईल. आणि म्हणाले, गोदाबाईंनी आनंदानं संमती दिलेली आहे. झालं, पुन्हा पाल चुकचुकली.

काल गोदाला थेटरातून निरोप आला तेव्हाच मला संशय होता. शोकसभेला ये, आणि येताना चित्रं घेऊन ये. का बरं? शोकसभेला माणसं फुलं घेऊन येतात. म्हणून आत्ता बोलायला उभी राहायच्या आधी मी मागं जाऊन गोदाला गाठलं. ती बघा, मागं दाराशी बसलीय, गठुडं मांडीवर. तिला पुढं खुर्ची कुणी दिली नाही, तेही बघून ठेवलंय मी. मी विचारलं, "गोदे, तू हो म्हणालीस?"

म्हणाली, "मी कायबी बोलले न्हाय, काकू. ते म्हनले, तुमची ना नाही ना? मला त्यातलं काय कळंना. पदर घसरत व्हता, मी मुंडी हलवून सावरला."

ही संमती! पदर सावरला म्हणून बापाचं गठुडं गेलं. ना नाही ना, याला होकारार्थी मान कशी हलवायची, मंडळी? तुम्ही शिकलेसवरलेले आहात, तुम्ही हलवून दाखवा बघू.

बरं, कला संपली म्हणता. आता एक विचारते, विचार करून सांगा. मागल्या पावसाळ्यानंतर येसबाचा घसा बसला. वैद्यानं त्याचं बोलणं बंद केलं. मग आमच्या ओवरीत सबंध हिवाळाभर कथा कुणी सांगितली? येसबा चित्र धरायचा, आणि आवाज कुणाचा होता? मागून, टाळाच्या आडून? तुम्ही सगळे होतात की तिथं. पंगतीत पडल्याच्या चित्राला, अहो सुतारमामा, तुम्हाला हसून ठसका लागला होता, तो कुणाच्या सांगण्यानं? गोदाच्या. हाकलून दिलेल्या बाईचं चित्र आलं, तेव्हा समोरच्या बाया गप झाल्या. येसबा सांगायचा तेव्हा रडायच्या, गोदानं सांगितलं तेव्हा गप झाल्या. मला ते जास्त वाटलं. येसबानं मागं वळून लेकीकडं बघितलं होतं तेव्हा. बोलता येत नव्हतं त्याला. बघत राहिला नुसता.

त्याला मुलगा नाही, हे खरं. पण कथेला सांगणारी आहे.

आणि येसबाच्या लोकांत एक रीत आहे, साहेब, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल, म्हणून सांगते. सांगणारा समोर नसेल तर चित्र उघडायचं नाही. साधं उघडायचंसुद्धा नाही. मी एकदा सहज कौतुकानं फडक्याची गाठ सोडायला गेले, तर गोदाच्या आईनं माझा हात धरला होता. आणि सांगणारं कुणीच उरलं नाही, तर ती चित्रं विकायची नाहीत, टांगायची नाहीत, पाण्याला द्यायची. मुकं चित्र म्हणजे त्यांच्या लेखी प्रेत. तुम्ही ते काचेच्या कपाटात लावणार. येणारा जाणारा पान खात बघणार. वर ही मखमलवाली पाटी आणि खाली येसबाची चित्रं, म्हणजे लोकांना वाटावं, यातूनच ते आलं, दोन्ही एकच. दोन्ही एक नाहीत, साहेब. तुमचा सिनेमा तुम्ही दाखवा, मीही येईन. तो उडतो छान, माझी काही तक्रार नाही. पण त्याला खरं ठरवायला येसबाचं गठुडं कशाला लागतं तुम्हाला? हा माझा संशय आहे. चुकीचा असेल तर म्हातारीला क्षमा करा. पण मला नाही वाटत चुकीचा आहे.

मॅनेजरसाहेब म्हणतायत, सभेत ठरलंय. नाही हो, सभेत टाळ्या वाजल्या. टाळ्या तर मीही वाजवल्या, शेजारणीनं वाजवल्या म्हणून. ठरलं नाही. ठरवणारी दाराशी बसलीय. मी विचारते तिला, आणि साधं विचारते, ना नाही ना असलं काही नाही. गोदा, हे गठुडं तुला इथं ठेवायचंय का?

ऐकलंत? हळू बोलली, पण मागच्यांना ऐकू गेलं असेल. "न्हाय" म्हणाली. आणि पदर जागेवर आहे तिचा, बघून घ्या.

झालं माझं. येसबा, तुझ्याबद्दल गोड बोलायला उभी राहिले आणि भांडून बसले. तुला हे ठाऊकच होतं, नाहीतर तू माझं मागलं दार धरलं नसतंस. नमस्कार तुला, बाबा. पाटीला नाही, तुला.

आता मुकाट उभं राहायची रीत आहे म्हणे. मॅनेजरसाहेबांनी घड्याळ काढून हातात ठेवलंय. ते खिशात घाला, साहेब, घड्याळाचं काम नाही. गोदा, ऊठ. गठुडं काखेत घे. सावकाश चाल, पळू नको, तू काही चोरलेलं नाहीस. ती दार ओलांडून, पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही, कुणी तिला हाक मारायची नाही, कुणी आडवं यायचं नाही. तेवढा वेळ येसबासाठी गप्प राहू.

उठा, मंडळी. तिला वाट द्या.