वाइनमधला केळ्यांचा वास

माझं हे वाइनचं काम केळ्यांमुळे सुरू झालं, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. मी असोद्याचा, केळीच्या बागांच्या गावचा. नाशिकच्या एका हॉटेलात वेटर होतो. कोणत्या जेवणासोबत कोणती वाइन घ्यावी, हे पाहुण्यांना सांगायला एक माणूस हवा होता. त्यासाठी हॉटेलच्या मॅनेजर मॅडमनी आम्हा सहा वेटरांची परीक्षा घेतली. प्रत्येकापुढे लाल वाइनचा ग्लास ठेवून त्यांनी विचारलं, "कशाचा वास येतो?"

बाकीच्यांनी चेरी, स्ट्रॉबेरी, गुलाब अशी नावं घेतली. मी चेरी कधी खाल्लेलीच नव्हती. म्हणालो, "केळ्यांचा."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "कच्च्या की पिकलेल्या?"

"पिकत घातलेल्या. वखारीचं दार उघडलं की येतो, तसा."

त्यांनी स्वतःचा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "बरोबर आहे. द्राक्षं न चिरडता आंबवलेल्या अशा वाइनला हा वास येतोच." ती जागा मला मिळाली.

आबांना, म्हणजे वडिलांना, मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्यामुळे जरा धाकधूक होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्यात केळी टाकतात का?"

"नाही आबा, नुसती द्राक्षं."

"मंग तू चुकीचंच सांगितलं."

"तसं नाही, आबा..."

"चुकीचं सांगूनही ठेवून घेतलं. माणसं चांगली दिसतात. सोडू नको ती नोकरी."