मेबलचा रानकोपरा

अँब्रोजने घरापुढे झुडपांचे कुंपण लावले, त्याचा मुलगा कथबर्टने ते भिंतीसारखे छाटले, नातू एडगरने आतली हिरवळ दोरी लावून आखली. एडगरचा मुलगा विल्फ्रेड आज हॉस्पिटलच्या बसच्या रांगेत थोरल्या बहिणीशेजारी मान खाली घालून उभा होता. मागे उभ्या असलेल्या मिसेस हारकोर्टना त्यांचे बोलणे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"बायको घरी येतेय, आणि तुझं तोंड का उतरलंय?"

"घरामागचा तिचा रानकोपरा मी कापला, ऑलिव्ह. तिच्यासाठी नीटनेटका करावा म्हटलं."

"जूनमध्ये? ऐन फुलोऱ्यात?"

"गवत कापायचं यंत्र धुऊन ठेवल्यावर लक्षात आलं."

"सगळी बाग तुझ्या कात्रीखाली. लग्न झाल्यापासून मेबलनं तेवढाच तुकडा मागितला होता, विल्फ."

"रोज विचारते, डेझी फुलल्या का. मी हो म्हणतो."

"पुढच्या वर्षी येतील."

"डॉक्टरांनी तिला पुढचं वर्ष कुठं दिलंय?"

"मग काय सांगणार आहेस?"

"खरं तेच. आणि घरापुढची हिरवळ तिला देणार. कापली नाही, तर पंधरा दिवसांत डेझीनं भरेल."

"जन्मभर डेझी उपटत आलास तू तिथं."

"यंत्र सकाळीच शेजाऱ्याला देऊन टाकलं."

"बाबांनी तुला घराबाहेर काढलं असतं."

"काढलं असतं. पण तिचं घेतलेलं फिटेल."

"तिचा कोपरा केवढासा होता. हिरवळ तिप्पट आहे."

"धर की इतक्या वर्षांचं व्याज त्यात."