रोपं जाळायची होती

—छे छे, आमचे भाऊजी तसले नाहीत हो, ताई. बसा ना, उभ्या का? शेजारी म्हणून कड घेत नाही, पण तुमच्या काचघरात इतकी वर्षं माळीकाम केलं, कधी फूल खुडून घरी आणलं नाही. बाहेरून मागवलेल्या रोपांबरोबर त्या परक्या पिवळ्या मुंग्या काचघरात आल्या, आता गल्लीभर झाल्या— म्हणून माळ्यालाच कामावरून काढायचं? मुंग्यांचं काय जातं, आत बारा महिने ऊब, पानांमागे तो कापसासारखा किडा— त्याचा गोड चिकटा चाटायचा आणि त्याचीच राखण करायची. भाऊजींनीच सांगितलं, मी कुठली एवढी शिकलेली!

आणि तुमचा हुकूम काय, तर कीड लागलेलं झाड कुंडीसकट जाळा. सांगायला काय जातंय? ज्यानं बी टोचून वाढवलं त्याला जाळवेल का? बायको गेल्यापासून त्या माणसाला आहे तरी कोण? मग डब्याच्या पिशवीतून एखादं रोप घरी यायचं— चोरून नाही हो, औषधपाण्याला. साबणाच्या पाण्यानं पान न् पान पुसायचे, लेकराचं नाक पुसावं तसं. वरून कसं लख्ख! मातीत काय दडलंय, ते कोण उकरून बघतं? बरं झालं की मागच्या राईत नेऊन लावायचे, मोकळ्या हवेत जगेल म्हणून. एक मला दिलं, ते बघा, खिडकीत.

राईत पूर्वी काळे मुंगळे किती होते— बिया ओढत न्यायचे, रांगच्या रांग. आता औषधालासुद्धा सापडत नाही एक. परवा लाव्याचं घरटं दिसलं, पिल्लं अजून धड अंड्याबाहेरही आली नव्हती, आणि त्यांच्या डोळ्यांवर पिवळा थर... हलत होता तो थर. "वहिनी, रोपं जाळायला हवी होती," एवढंच भाऊजी म्हणाले. तेव्हापासून ताटावर बसतात आणि तसेच उठतात. मी बजावलंय, कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही म्हणून.

—अशा का बघताय? पाणी घ्या ना. अहो, माझी कुंडी पिशवीत कशाला घालताय? गाठ कशाला मारताय एवढी घट्ट? मी आपलं माणूस म्हणून बोलले, ताई. त्यांचा चांगुलपणा कळावा म्हणून बोलले...

थांबा. फाटक वाजलं. तेच आलेत. मागच्या दारानं जा तुम्ही— घेऊन जा ती कुंडी, पण जा आता.

कोण बोलत होतं म्हणता? काही नाही हो, भाऊजी. पत्ता चुकल्या होत्या त्या.